लताबाईंच्या गुढीतली तार

आमच्या रेवांगण सोसायटीत लताबाई गामणेंना ओळखणारे थोडे, आणि त्यातले निम्मे त्यांना बहिऱ्या समजायचे. दार वाजवलं तर लवकर उघडायच्या नाहीत. जिन्यात हाक मारली तर दचकून भलतीकडेच बघायच्या. मीही तेच समजत होते. आमच्याकडे पाणी कमी दाबानं येतं म्हणून अर्जावर सह्या गोळा करत फिरत होते, तेव्हा चौथ्या मजल्यावर त्यांच्या दाराशी बराच वेळ उभी राहिले. आतून बोलण्याचा आवाज येत होता. बाई एकटी राहते हे सगळ्यांना माहीत, मग बोलते कुणाशी? आणि बोलणंही कसं, तर दोन वाक्यं बोलायची, मग गप्प बसायचं, मग पुन्हा दोन वाक्यं.

मी थाप मारली. माझी थाप म्हणजे थापच असते, टकटक नसते.

दार उघडलं. साठीची बारीक बाई, नाकावर घसरलेला चष्मा, आणि गळ्यात हे एवढे मोठे हेडफोन.

"पाण्याच्या अर्जावर सही हवीये."

"या ना. पण जरा हळू बोला हं, तिकडे एक माणूस थांबलाय."

मी घरभर नजर फिरवली. माणूस कुठेच नव्हता. शिवणाच्या मशीनवर टिफिनच्या डब्याएवढी एक काळी पेटी होती, तिच्यावर हिरवे आकडे, शेजारी मोटरसायकलची बॅटरी. बाईंनी हेडफोनची पिन काढली आणि पेटीतून पाऊस पडल्यासारखी खरखर सुरू झाली. त्या खरखरीच्या तळाशी, विहिरीतून यावा तसा, एका म्हाताऱ्याचा आवाज होता.

"लताबाई, पाहुणे आले का? मग चहा करा त्यांना. आम्ही हाय इथंच. ओव्हर."

"कुठनं बोलतायत हे?" मी विचारलं.

"सुरगाण्याच्या पलीकडून. पाड्यावरून."

मी चहा प्यायले, सही घेतली, आणि निघता निघता वर बघितलं. गणपती कधीचे गेले होते, तरी कागदी पताका हॉलभर तशाच लटकत होत्या, हॉलमधून बेडरूममध्ये आणि बेडरूममधून गॅलरीत. "ह्या उतरवल्या नाहीत अजून?" मी सहज विचारलं. बाईंनी आधी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग उठून दाराला कडी लावली. तेव्हा मला कळलं की पताका गणपतीच्या नव्हत्या. त्यांच्या दोऱ्यालगत केसाएवढी बारीक, तपकिरी तांब्याची तार घरभर फिरली होती. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे मिळते ती.

मोर्चे-आंदोलनांत रस्त्यावर आयुष्य गेलं म्हणून मला गुपित दिसलं की लगेच वास येतो. तरी हे असलं गुपित मी पहिल्यांदा बघत होते.

पुढे जाणं-येणं वाढलं, तसं एकेक कळत गेलं. हौशी लोक परीक्षा देतात, सरकार त्यांना परवाना देतं, आणि मग ते आपल्या घरातून रेडिओवर एकमेकांशी बोलतात. मध्ये ना कंपनीचा टॉवर, ना रिचार्ज. लागते फक्त तार. ती जितकी उंच आणि मोकळी, तितका लांबचा माणूस जवळ येतो.

लताबाई मूळच्या विंचूरच्या, कांद्याच्या खळ्यावर वाढलेल्या. लग्न होऊन नाशिकला आल्या आणि सातपूरच्या एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागल्या. साहेबाचा फोन मुंबईला जोडायचा, स्टोअरचा गेटला जोडायचा, आणि जोडला की आपण लगेच बाहेर पडायचं. "दिवसभर बोलायचे गं," त्या म्हणायच्या, "पण माझं असं काही बोलायचे नाही. 'थांबा हं, जोडते' एवढंच." मग कारखान्यात सगळ्यांच्या टेबलावर थेट फोन आले आणि बाईंचं टेबल उचललं गेलं. नवराही त्याच सुमारास गेला. मूलबाळ नव्हतं. मागच्या कुंभमेळ्यात त्या घाटावरच्या हरवले-सापडलेच्या तंबूत मदतीला बसल्या होत्या. गर्दीत मोबाईल मुके झालेले. शेजारच्या टेबलावर काही माणसं रेडिओ घेऊन बसली होती, आणि त्यांचं मात्र काही अडत नव्हतं. त्यातच होते बहिरू भोये गुरुजी. आश्रमशाळेतून निवृत्त झालेले, काटक, अंगावर धुवट पांढरा शर्ट. चुकलेल्या म्हाताऱ्यांची वर्णनं ते पलीकडच्या घाटावर असं सांगायचे की ऐकणाऱ्याला माणूस डोळ्यांसमोर दिसावा. "रामकुंडावर एक आजी हाय, कानात बुगड्या, हातात पितळी डबा, रडत नाय पन रडायला आली हाय. ओव्हर."

लताबाई सांगतात, तिथंच त्यांचं चित्त जडलं. तंबू उठला तरी कानात ते 'ओव्हर' राहिलं. मुंबईला जाऊन त्यांनी परीक्षा दिली. सोबतची पोरं नातवांच्या वयाची. परवाना आला, जुनी पेटी मिळाली, आणि सकाळच्या चहाला गुरुजींचा आवाज घरी यायला लागला.

पहिल्यांदा त्यांनी सगळं उघडपणे केलं होतं. गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून लिफ्टच्या खोलीपर्यंत तार बांधली. दोन दिवसांत कुणीतरी पकडीनं ती तोडून, गुंडाळून त्यांच्या दारात ठेवली, शिळ्या पेपरसारखी. वर नोटीस लागली की गच्ची, गॅलरी आणि बाहेरच्या भिंतीवर कुणीही काहीही लावू नये. आमचे चेअरमन मयूर अहिरराव हे सिमेंटच्या रंगाशिवाय दुसरा रंग न आवडणारे गृहस्थ. त्यांनी पुण्याला घरमालकाला फोन केला. मालकानं लताबाईंना कळवलं की परत तार दिसली तर घर रिकामं करायचं.

हे ऐकून माझं डोकं सणकलं. "परवाना आहे ना तुमच्याकडे? मग पताकेमागं लपता कशाला? उद्या मीटिंगला मी उभी राहते. नियम काढते, उपनिबंधकाकडे जाते, एकेकाला…"

"आशा," त्या म्हणाल्या, "तू भांडशील. जिंकशीलही. पण माझा अकरा महिन्यांचा करार आहे. तो संपल्यावर मालकानं नको म्हटलं की कुठलं ऑफिस मला घरात ठेवणार?"

मी बाहेर काढलेला पेन परत पिशवीत टाकला.

"आणि उघडं केलं की माणसं घाबरतात," त्या पुढं म्हणाल्या. "कॅन्सर म्हणतील, टॉवर म्हणतील. लपलेली आहे तोवर कुणाला काही होत नाही. झिरोच्या बल्बएवढी तर ताकद माझी."

तशी ती अगदीच कुणाला काही करत नव्हती असं नाही. समोरच्या निकिताच्या दाराला चिमणीच्या आवाजाची बेल होती. लताबाईंनी पेटीची ताकद जरा वाढवून माईक दाबला की तिकडची चिमणी आपोआप चिवचिवायची. निकिता दार उघडून जिन्यात बघायची आणि खालच्या मजल्यावरच्या पोरांना शिव्या घालायची. लताबाईंना वाईट वाटायचं. त्या ताकद उतरवायच्या, मग तिकडे गुरुजींना त्यांचं निम्मं ऐकू यायचं नाही.

सिमेंटच्या खोलीत वेढा घालून बसलेली तार ती. तिला लिफ्ट ऐकू यायची, इन्व्हर्टर ऐकू यायचे, जिन्यातले एलईडी ऐकू यायचे. सगळ्या सोसायटीची वीज तिच्यात गुणगुणायची. म्हणून लाईट गेली की अख्खी सोसायटी वैतागायची आणि चौथ्या मजल्यावर एक बाई खुर्चीत सावरून बसायची. एका दुपारी लाईट गेलेली असताना मी तिथं होते. खरखर हळूहळू बसत गेली, गढूळ पाण्यातला गाळ बसतो तशी, आणि निवळीत लांबलांबचे आवाज दिसायला लागले. हो, दिसायलाच म्हणते मी. कुणी कन्नडमध्ये हसत होतं. कुणी रशियन का काय ते आकडे सांगत होतं. त्यांच्यामागे समुद्रासारखं काहीतरी सतत हलत होतं. लताबाई डोळे मिटून बटण फिरवत होत्या. बाहेर रामशेजचा किल्ला उन्हात विरघळल्यासारखा दिसत होता. मी मोर्च्यात घोषणा देणारी बाई, पण त्या खोलीत मला स्वतःचा श्वाससुद्धा मोठा वाटला.

तरी त्यांचा खरा माणूस एकच. रोज सकाळी गुरुजी. पाड्यावर रेंज नाही. वरच्या टेकडीवर चढलं तर मोबाईलला एक काडी येते, पण गुरुजींच्या डोळ्यांत अंधार उतरत चाललाय, त्यांना आता टेकडी चढवत नाही. मुलगा गुजरातमध्ये कसल्याशा पॅकिंगला, वर्षातून दोनदा येणारा. घरात ते आणि बायको कुसाबाई. दाराबाहेर सौरऊर्जेचा एक पत्रा, त्यावर चार्ज होणारी एक बॅटरी, आणि आंब्यापासून मोहापर्यंत ताणलेली तार. त्यांच्या तारेला कुणी नोटीस दिली नव्हती. तिच्यावर पोपट बसायचे.

बोलणं काय, तर काहीच नाही. नागली, म्हणजे नाचणी, किती निघाली. कुसाबाईनं काय रांधलं. लताबाईंच्या गुडघ्याचं काय. मग गुरुजी माईक हातात घेऊन दाराबाहेर यायचे आणि म्हणायचे, "आता ऐका." पुढचा थोडा वेळ कुणीच बोलायचं नाही. कोंबडा आरवायचा. गुरांच्या घंटा लांबून जायच्या. चैत्राच्या सुमाराला पहाटे मोहाची फुलं पडतात, ती पाचोळ्यावर पडताना बारीक आवाज होतो म्हणे. लताबाई सांगायच्या की तो त्यांना ऐकू येतो. मला विचाराल तर नुसती खरखर. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी तसं कधी बोलले नाही. "मला दिसत नाय आता फुलं," गुरुजी म्हणायचे. "पन पडलेली कळतात. तुम्हाला तिकडं कळली का? ओव्हर." आणि लताबाई नाशिकमधल्या चौथ्या मजल्यावर बसून म्हणायच्या, "कळली. डावीकडं पडली. ओव्हर."

वर्षातून एक दिवस मात्र त्यांची तार घराबाहेर यायची. पाडव्याला.

ही युक्ती ज्या दिवशी मला कळली त्या दिवशी मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला. गच्चीवर काही नको, गॅलरीत काही नको, सगळं कबूल. पण गुढीला नाही म्हणणारा चेअरमन अजून जन्मायचाय. लांबलचक वेळूची काठी, तिला खालपासून वरपर्यंत तार गुंडाळलेली, वर जरीची साडी, कडुनिंबाचा डहाळा, साखरेची गाठी, आणि टोकाला पालथा तांब्या. तांब्या तांब्याचाच हवा, स्टीलचा चालत नाही. तारेचं टोक खरवडून त्याच्या आतल्या अंगाला टेकवायचं. गॅलरीच्या ग्रीलला गुढी तिरकी बांधली की ती सोसायटीच्या सिमेंटमधून पार बाहेर, मोकळ्या हवेत जायची. हळदकुंकू, फुलं, अक्षता सगळं मनापासून. पूजा खोटी नव्हती हो. ब्रह्मदेवाला आणि गुरुजींना एकाच काठीवर बोलावणं होतं, एवढंच. त्या दिवशी गुरुजींचा आवाज असा यायचा की शेजारच्या पाटावर बसलेत. लताबाई अख्खं वर्ष त्या दिवसाची वाट बघायच्या.

यंदाच्या पाडव्याला मी जेवायला त्यांच्याकडेच होते. सकाळी गुढी उभी राहिली. त्यांनी पेटी लावली, हाक दिली, आणि उत्तर आलं नाही.

"झोपले असतील," मी म्हटलं.

"गुरुजी? पहाटे?"

पुन्हा हाक. खरखर अगदी पातळ होती, मलमलीसारखी. कुणी कुजबुजलं असतं तरी कळलं असतं. कुणीही कुजबुजलं नाही.

श्रीखंड तसंच राहिलं. लताबाई थोड्या थोड्या वेळानं हाक देत राहिल्या. आदल्या दिवशी गुरुजींचा श्वास जरा लागत होता असं त्यांना आता आठवायला लागलं. कुसाबाईंचा मोबाईल बंद. सुरगाण्याच्या स्टँडवरचा एक जीपवाला त्यांना माहीत होता, त्याला लावला. तो म्हणाला, सणाची गाडी नाही, उद्या सकाळी पाड्याकडे निघेन, मग सांगतो. दुपार गेली. उन्हानं कडुनिंब सुकला. लताबाई हेडफोन घालून बसल्या होत्या, आणि मी पहिल्यांदाच त्यांना म्हातारं झालेलं बघितलं. त्या कारखान्यातल्यासारख्या बसल्या होत्या. पाठ ताठ, लाईन तुटलेली आणि साहेब खोळंबलेला.

मग ऊन रामशेजच्या मागे उतरायला लागलं.

गुढी सूर्य मावळायच्या आत उतरवायची असते. आमच्या सोसायटीतलं शेंबडं पोरही हे जाणतं. गॅलऱ्या-गॅलऱ्यांतून गुढ्या आत जायला लागल्या. बायका हळदकुंकू वाहत होत्या, गाठीवरून पोरांची भांडणं चालली होती. बघता बघता समोरची सगळी इमारत बोडकी झाली.

"लताबाई, उतरवायची ना?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला सगळं कळलं. गुढी खाली घेतली तर राहिली ती पताकेमागची तार. आणि संध्याकाळी घरोघर टीव्ही, बल्ब, मिक्सर लागलेले, अशा वेळी त्या तारेला गुरुजीच काय, शहरातला गंगापूर रोडसुद्धा ऐकू आला नसता. गुढी ठेवली तर चार लोक वर बघणार, वर येणार, तार बघणार, आणि पुण्याला फोन जाणार. घर जाणार.

"उतरवली आणि तेवढ्यात त्यांनी हाक दिली तर?" त्या म्हणाल्या.

एवढं बोलून त्यांनी ताकदीचं बटण होतं तिथवर फिरवलं आणि माईक दाबला. समोर निकिताच्या दारातली चिमणी ओरडली.

सूर्य गेला. आकाश जांभळं झालं, आणि त्या जांभळ्यावर एकच गुढी उरली. खरं सांगते, ती फार सुंदर दिसत होती. साडीची जर अजून थोडी उजळ होती, तांब्याच्या कडेवर शेवटचा तांबूस ठिपका होता, आणि वाटत होतं की ही काठी अजून थोडी वाढली तर पलीकडच्या डोंगरावर टेकेल.

खालून वॉचमन गेणूची हाक आली. "ओ चौथा माळा! गुढी राहिली ना तुमची!" मग जिन्यात चपला वाजल्या. दार मीच उघडलं. पुढे मयूरभाऊ, मागे निकिता, तिच्यामागे अजून दोघीतिघी, आणि शेवटी धापा टाकत गेणू.

"काय चाललंय?" मयूरभाऊ म्हणाले. "अंधारात गुढी ठेवतं का कुणी? अख्ख्या सोसायटीला अपशकुन."

"सोसायटीच्या पाण्याला वर्षभर अपशकुन झालाय, तो आधी उतरवा," मी म्हटलं.

"आशाताई, तुम्ही मध्ये पडू नका."

"मी मध्येच पडलेली असते. माझं कामच ते."

तोवर आतून लताबाईंचा आवाज आला, त्यांच्या परवान्याची खूण सांगणारा, व्हिक्टर युनिफॉर्म थ्री आणि पुढची अक्षरं, आणि त्याबरोबर निकिताच्या दारात चिवचिव झाली. निकिता मागे वळली, परत आत बघितलं, परत मागे वळली. "म्हणजे ती पोरं नव्हती?" ती म्हणाली. "अहो काकू, मी त्या खालच्यांच्या आईशी बोलत नाहीये वर्षभर!"

आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. मयूरभाऊ गॅलरीत गेले. साडीखालून निघून खिडकीतून आत आलेली तार त्यांनी बघितली, तिचा माग काढत पेटीपर्यंत आले. "वाटलंच होतं," ते म्हणाले. "लेखी सांगितलं होतं तुम्हाला. गेणू, काढ ती काठी."

गेणू जागचा हलला नाही.

"काढ म्हणतोय ना."

"साहेब, गुढी हाय ती," गेणू म्हणाला. "ज्यानं उभी केली त्यानंच हळदकुंकू वाहून उतरवायची. मी हात नाय लावणार. मला लेकरंबाळं हायेत."

"वायर आहे रे ती."

"वायर खाली हाय. वर तांब्या हाय."

मयूरभाऊ स्वतः पुढे झाले. ग्रीलच्या दोरीच्या गाठीपर्यंत त्यांचा हात गेला आणि तिथंच थांबला. मागे बायका उभ्या होत्या. चार बायकांनी एकदम श्वास रोखला की पुरुषाला ते ऐकू येतं. त्यांनी हात मागे घेतला आणि खिशात घातला.

"तुम्हीच उतरवा," ते लताबाईंना म्हणाले. "आत्ता. आम्ही थांबतो."

"थांबा ना," लताबाई म्हणाल्या. त्यांचं लक्ष पेटीवरच होतं. "बसा. ट्यूब तेवढी बंद करा, तिचा आवाज येतो."

का कोण जाणे, निकितानं ट्यूब बंद केली. आणि मग आम्ही सगळे त्या अंधाऱ्या होत चाललेल्या खोलीत, कुणी दिवाणावर, कुणी जमिनीवर, असे बसलो. पेटीचा हिरवा उजेड लताबाईंच्या हनुवटीवर पडला होता. त्यांनी हेडफोनची पिन काढली. खरखर खोलीभर पसरली. कुणीतरी हळूच विचारलं, कुणाची वाट बघताय? लताबाईंनी दोन वाक्यांत सांगितलं. सुरगाण्याकडचे गुरुजी आहेत, डोळ्यांना दिसत नाही, रोज सकाळी बोलतात, आज बोलले नाहीत.

मग हाक, मग खरखर. हाक, खरखर. समुद्र हलत होता. कुठल्या तरी देशातलं कुणीतरी त्यातून पोहत जावं तसं जवळ आलं आणि लांब गेलं. मयूरभाऊंनी घड्याळ बघायला मनगट उचललं आणि अंधारात दिसेना म्हणून खाली ठेवलं.

आणि तळातून, अगदी बारीक, कुणीतरी खोकलं.

लताबाईंनी आवाजाचं बटण वर फिरवलं.

"…लताबाई… हाय का कोन तिकडं… ओव्हर."

"आहे," त्या म्हणाल्या. एवढंच. पुढचे नियमाचे शब्द त्यांना सुचलेच नाहीत. "आहे. कुठं होतात? ओव्हर."

"बॅटरी मेली होती," गुरुजी म्हणाले. आवाज बुडत-वर येत होता. "सकाळपासनं शोधतोय. वायर बघितली, फ्यूज बघितला, सगळं चाचपून चाचपून. काय सापडंना. मग उन्हं उतरताना त्या सौरच्या पत्र्यावर हात ठेवला. तर काय…" मध्ये खरखर. "…कुसाबाईनं कालपासनं मोहाची फुलं वाळत घातली हायेत. सगळ्या पत्र्यावर. गरम असतंय म्हनं छान. ओव्हर."

मग मागून कुठून तरी, पेटीतूनच, एका बाईचा चढा आवाज आला. शब्द नीट कळले नाहीत, तिकडच्या कोकणा बोलीतले होते, पण सूर कळला. फुलं कुठं वाळवायची होती मग, तुझ्या डोक्यावर, असं कुसाबाई नवऱ्याला विचारत असावी, असा तो सूर होता.

पहिली हसली निकिता. मग गेणू. मयूरभाऊंनी तोंड गॅलरीकडे फिरवलं, पण त्यांचे खांदे हलताना मी बघितले.

लताबाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला आणि परत लावला. "श्वास कसा आहे? ओव्हर."

"मोहाच्या वासानं भरलाय. तुमची गुढी उभी हाय अजून? आवाज लय जवळ वाटतो. ओव्हर."

"आहे. उतरवायला लोक आलेत. ओव्हर."

"मग उतरवा. अंधारात ठेवू नये. घंटाभराचं ऊन मिळालं बॅटरीला, ते आता…"

आणि वाक्याच्या मध्येच आवाज विझला. बॅटरी संपली होती. खरखर तेवढी राहिली.

लताबाई उठल्या. आधी पेटीतून तार सोडवली, मग गॅलरीत जाऊन हळदकुंकू वाहिलं. आलेल्यांपैकी दोघींनी मोबाईलचे टॉर्च धरले. साडी जमिनीला लागू नये म्हणून निकितानं खालून झेलली. काठी आत घेताना तार मोकळी लोंबायला लागली, तेव्हा मयूरभाऊंनी ती पकडली आणि, गावाकडे मोटरची दोरी गुंडाळतात तशी, कोपर आणि अंगठ्यामध्ये गुंडाळत गेले. सवयीचा हात होता. गुंडाळी करून त्यांनी ती मशीनवर ठेवली.

"ही घरात कुठवर आहे?" त्यांनी विचारलं.

"सगळीकडे," लताबाई म्हणाल्या.

त्यांनी पताकांकडे वर बघितलं. "नोटिशीत बाहेरचं लिहिलंय," ते म्हणाले. "आतलं आम्हाला दिसत नाही. पण ती गुढी उद्यापासून दिसता कामा नये."

"उद्या कुठली?" लताबाई म्हणाल्या. "आता पुढच्या पाडव्याला."

ते जिन्याकडे निघाले. निकितानं दारात थांबून विचारलं की काकू, दिवसा कधी बोलणार ते आधी सांगत जाल का, मी बेलची बॅटरी काढून ठेवीन. मी मयूरभाऊंना जिन्यात गाठलं आणि म्हटलं, हे लेखी द्या. ते म्हणाले, आशाताई, लेखी मागाल तर नाही म्हणावं लागेल. मी तावातावानं परत वर आले.

"तोंडी बोलण्यावर काय भरवसा ठेवायचा?" मी लताबाईंना म्हटलं. "उद्या पुण्याला फोन गेला म्हणजे?"

"जाईलही," त्या म्हणाल्या. "ती ट्यूब नको लावूस."

त्यांनी पताकेमागची तार पुन्हा पेटीला जोडली आणि हेडफोनचा एक कान माझ्या कानाशी धरला. मी ऐकलं. लिफ्ट वर जात होती, कुणाचा तरी मिक्सर फिरत होता, आणि त्या सगळ्याखाली ती पुसट, अथांग खरखर.

"काही नाही," मी म्हटलं.

"नाही ना," लताबाई म्हणाल्या, आणि पाय वर घेऊन खुर्चीत निवांत बसल्या. "आता उद्या ऊन वर येईपर्यंत काही नाही."